आजोबा रेल्वेत नव्हते

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून):

मी ४३ वर्षांची, नाशिकला शिक्षिका आहे. आमचं मूळ घर अमळनेर-पारोळा भागात, बोरीकाठच्या एका वस्तीवर. तीस-पस्तीस उंबरे, बाकी शेतं. आजोबा भुसावळला रेल्वेत होते असं लहानपणापासून ऐकत आले. गेल्या वर्षी वडील वारले. दिवस झाल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आत नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला, लुगड्याच्या काठाने बांधलेली मनीऑर्डरच्या कुपनांची जुडी, कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा एक फाटका कागद आणि हिंदीतलं एक आंतरदेशीय पत्र. कुपनांवर शिक्का परासियाचा. म्हणजे आजोबा छिंदवाडा जिल्ह्यात कोळशाच्या खाणीत होते. १९५० च्या आसपास गेले, १९८१ ला खोकला घेऊन परत आले, १९८४ ला वारले. हिंदी पत्र एका बाईचं आहे. सुरुवात 'पूज्य बाबूजी' अशी, आणि आत 'आपने हमारे लिए जो किया वो सगा भी नहीं करता' असं वाक्य. माझ्या भावाला वाटतं आजोबांचं तिकडे दुसरं घर होतं, आणि जमिनीची वाटणी अजून व्हायची असल्याने हा विषय काढूच नये. काका म्हणाले, "कोयसा कितलाबी उगाय, कायाच." पेटी होती तिथे ठेव म्हणाले. आठवीतल्या मुलाने शाळेच्या वंशवृक्षात पणजोबांच्या नावापुढे 'रेल्वे' लिहिलं आहे. मला घराण्याचा इतिहास लिहायचा आहे. काकांचा विरोध मोडून लिहू? परासियाला जाऊन त्या बाईला शोधू? की पेटी बंद करू? घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं आम्हाला खोटं सांगितलं, याचा राग जात नाही.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पितळी बिल्ल्यापाशी थांबले. त्याच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, म्हणून आधी तेच सांगते.

भूमिगत खाणीत उतरण्याआधी कामगार बत्तीघरात जातो. खिडकीतून आपल्या नंबरचा बिल्ला आत द्यायचा आणि बदल्यात टोपीवरचा दिवा घ्यायचा, अशी सर्वसाधारण पद्धत. बिल्ला आतल्या फळीवर आपल्या खिळ्याला लटकतो. पाळी संपवून वर आलं की दिवा परत द्यायचा, बिल्ला परत घ्यायचा. पाळी सुटून गेल्यावरही एखाद्या खिळ्यावर बिल्ला दिसला, तर त्या नंबरचा माणूस अजून खाली आहे. अपघात झाला की आत किती आणि कोण, हे त्या फळीवरून कळतं. खाणीच्या भाषेत बिल्ला खिशात असणं म्हणजे माणूस वर आलेला असणं. तुमच्या आजोबांनी तो निवृत्तीच्या दिवशी ठेवून घेतला की कुणी हातात दिला, कोण जाणे. पण तो तुमच्या पेटीत आहे. कृपा करून त्याला चिंच किंवा कसली पावडर लावून घासू नका. नंबरची धार जाईल, आणि त्या खोबणींमध्ये काळं काही बसलेलं असेल तर तेही राहू द्या.

आता तुमचा राग. तुम्ही म्हणता, सगळ्यांनी खोटं सांगितलं. सगळ्यांनी म्हणजे कुणी, आणि कधीपासून? ती कुपनांची जुडी पुन्हा हातात घ्या आणि मनीऑर्डर घरी कशी यायची ते डोळ्यांसमोर आणा. पोस्टमन सायकलवरून वस्तीवर यायचा, ओट्यावर बसायचा, फॉर्म वाचून दाखवायचा, आजींचा अंगठा घ्यायचा. नोटा मोजून द्यायचा. मग फॉर्मचं कुपन फाडून त्यांच्या हातात ठेवायचा. साक्षीला शेजारचं कुणी तरी उभं असायचंच. त्या कुपनावर दोन-चार ओळींचा निरोप लिहायला जागा असे, आणि आजींना वाचता येत नसेल तर तो निरोपही पोस्टमनच मोठ्याने वाचणार. शिक्का परासियाचा, निरोप खदानीवरचा. तीस-पस्तीस उंबऱ्यांच्या वस्तीत हे कुणापासून लपलं असेल? वस्तीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असणार की अमक्याचा बाप कोळशात आहे.

म्हणजे 'रेल्वे' ही गोष्ट वस्तीसाठी रचलेली दिसत नाही. ती बाहेरच्यांसाठी असणार, आणि नंतरची असणार. माझा अंदाज सोयरिकीचा आहे. तुमच्या आत्याचं किंवा काकांचं लग्न जमवायची वेळ आली असेल, पाहुण्यांनी विचारलं असेल, "मुलीचे वडील काय करतात?" आणि कुणी तरी म्हणालं असेल, "भुसावळला असतात, रेल्वेत." हा अंदाजच आहे, खरंखोटं आत्या सांगतील. पण हे उत्तर कुठून सुचलं असेल ते पाहा. अमळनेरहून परासियाला जायचं तर ताप्ती लाइनच्या गाडीने आधी भुसावळ, तिथून खंडवा-इटारसी, पुढे आमला, आणि आमल्याहून परासिया. घरच्यांनी आबांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, ज्या गाडीत बसवून दिलं ती भुसावळचीच. त्यापुढचा प्रवास घरातल्या कुणी पाहिलेला नव्हता.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडला फायरमन होते, म्हणून हे जरा जवळून सांगू शकते. ते घरी आले की आई दारातच पाण्याची बादली ठेवायची. मान, कानाच्या पाळ्या, नखं, सगळीकडे कोळसा. कामाचे कपडे दोनदा पिळले तरी पाणी काळंच. तरी आम्ही 'रेल्वेवाले'. क्वार्टर, पास, दवाखाना, निवृत्तीवेतन, सगळं त्या एका शब्दात यायचं आणि खानदेशात त्या शब्दावर मुली दिल्या जायच्या. कोळसा खोदणाऱ्याच्या अंगावरची काजळी आणि कोळसा भट्टीत टाकणाऱ्याच्या अंगावरची काजळी एकाच रंगाची असते, पण सोयरिकीच्या बैठकीत त्यांची किंमत वेगळी होत असे. हे मला लहानपणीही कळायचं आणि आजही टोचतं.

दुसरं एक कारण असू शकेल, आणि ते तुमच्या पत्रातच आहे: खोकला. वर्षानुवर्षं कोळशाची धूळ श्वासातून गेली की ती फुप्फुसात बसते, फुप्फुस हळूहळू घट्ट होतं, माणसाला चार पावलं चालल्यावर धाप लागते. न्यूमोकोनिओसिस म्हणतात त्याला, खाणकामगारांचा हा मान्य झालेला व्यवसायजन्य आजार आहे. पण खेड्यात १९८१ साली कोणी घरी बसून खोकत असेल तर लोक एकच नाव घेणार: क्षय. आणि क्षयाच्या घरात मुलगी कोण देणार, त्या घरची मुलगी कोण करणार? 'खदान' आणि 'खोकला' हे दोन शब्द एकत्र उच्चारले की काय होतं, हे तुमच्या आजींना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल. त्यांनी पोरांच्या संसारासाठी एक शब्द बदलला असेल, तर त्याला मी फसवणूक म्हणायला धजणार नाही. तुमचे वडील तो शब्द पुढे का चालवत राहिले, हा प्रश्न मात्र राहतो, आणि तो त्यांना विचारता येणार नाही याचं दुःख तुमच्या रागाखाली आहे असं मला वाटतं. त्या दुःखाला वेळ द्या. वर्ष म्हणजे फार नाही.

आता ते हिंदी पत्र. तुमच्या भावाने त्यातून दुसरं घर काढलं आणि तुम्हीही ते मनात धरून मला प्रश्न विचारला आहे. पत्रातलं तेच वाक्य पुन्हा वाचा: 'वो सगा भी नहीं करता.' रक्ताच्या नात्याचा माणूसही इतकं करत नाही. पोटची मुलगी बापाला असं लिहील का? बायको लिहील का? हे वाक्य लिहिणारी बाई स्वतःच सांगते आहे की आपण सग्या नाही. आणि 'बाबूजी' हा शब्द त्या भागात वडिलांना लावतात तसा कुठल्याही वडीलधाऱ्या, आदराच्या माणसाला लावतात. एका शब्दावरून संसार उभा करू नका.

खाणवस्तीत अशी नाती कशी जुळतात ते सांगते. पेंचच्या खोऱ्यात, परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत १९५४ साली पाणी घुसलं आणि ६३ माणसं गेली. कोळशाच्या खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या भागांत पाणी साठून राहतं आणि चालू काम आणि ते पाणी यांच्यातला कोळशाचा पडदा फार पातळ झाला की ते एका झटक्यात आत येतं. पुढे १९७५ साली धनबादजवळ चासनाळ्याला असाच प्रकार होऊन पावणेचारशेच्या घरात माणसं गेली. याखेरीज छत कोसळणं, टब (कोळसा भरायचे रुळांवरचे छोटे डबे) अंगावर येणं, हे एक-एक माणूस नेणारे अपघात वेगळे. मग शेजारच्या खोलीत राहणारा, त्याच पाळीतला माणूस मेलेल्याच्या लेकराबाळांकडे बघतो. कुणाची फी भरतो, कुणाच्या लग्नात मामा म्हणून उभा राहतो. तुमचे आजोबा न्यूटन चिखलीत होते असं मी म्हणत नाही. ते त्या वर्षी त्या परिसरात होते, एवढं तुमच्या कुपनांवरून दिसतं. त्या बाई कुणा साथीदाराची मुलगी असू शकतात. दुसरं घर असण्याची शक्यताही मी पुसून टाकत नाही. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसांच्या आयुष्यात तेही घडत आलं आहे. पण हातातल्या कागदावरून ते सिद्ध होत नाही, आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीवरून तुमच्या घरात आत्ताच दोन तट पडू लागलेत.

जमिनीचं थोडक्यात सांगते. घराण्याचा इतिहास लिहिल्याने कुणी वारस होत नाही आणि न लिहिल्याने कुणाचा हक्क बुडत नाही. समजा खरंच तिकडे अपत्यं निघाली, तर विवाह अवैध ठरला तरी त्यातून झालेल्या मुलांना आईवडिलांच्या वाट्यात हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात हे स्पष्ट केलं की वडिलोपार्जित मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातही त्यांना भाग मिळतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याआधीचा विवाह असेल तर गणित आणखी वेगळं. ते अमळनेरच्या एखाद्या दिवाणी वकिलाला विचारा, आणि भावालाही सोबत न्या. वाटणीचा प्रश्न वाटणीच्या जागी मिटवा. तो मिटेपर्यंत इतिहास थांबवायची गरज नाही. पण इतिहासाच्या वहीतून हळूच वाटणी सरकवायची नाही, हेही घरात बोलून टाका.

काकांबद्दल मात्र मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. 'विरोध मोडून' हे शब्द तुमचे आहेत. काका ७० च्या पुढचे असतील. १९८१ ते १९८४ ही तीन वर्षं त्या घरात खोकणाऱ्या बापाशेजारी कोण होतं? तुमचे वडील नोकरीला बाहेर, तुम्ही रांगत्या. रात्री उठून पाठ चोळणारे, थुंकीचं भांडं उचलणारे बहुधा हेच काका. त्यांच्यासाठी 'कोयसा' ही म्हण नसेल. त्यांनी तो पाहिलेला असेल, बापाच्या खोकल्यातून आलेला. तुम्हाला पेटी उघडून शोध लागल्याचा आनंद झाला, त्यांना तीच पेटी उघडली की तो आवाज ऐकू येत असेल. म्हणून त्यांना परवानगी मागू नका आणि त्यांचा विरोधही मोडू नका. त्यांच्याकडे जा, दोन दिवस राहा, आणि खदानीचं नाव न काढता एवढंच विचारा: आबा परत आल्यावर त्यांना काय खावंसं वाटायचं? कुठे बसायचे? पाऊस पडला की शेतावर जायचे का? उत्तर अहिराणीत येऊ द्या, तुम्हीही अहिराणीत बोला. शिक्षिकेची प्रमाण भाषा ऐकली की घरचा माणूस साक्ष दिल्यासारखा बोलायला लागतो. आणि पहिल्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावू नका.

काकांनी काही गोष्टी 'हे लिहू नको' म्हणून सांगितल्या, तर त्या लिहू नका. दोन वह्या करा. एक सगळ्यांची, जी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात मोठ्याने वाचता येईल. दुसरी तुमची. तिच्यात काय, कुणाकडून, कोणत्या तारखेला कळलं ते लिहा आणि कधी उघडायची ते तुमच्या मुलांवर सोडा. ज्या-ज्या घरात अशी एखादी पेटी आहे, त्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. मेलेल्या माणसाची गोष्ट जिवंत माणसांच्या अंगावरून जाते, आणि कुणाच्या अंगावरून ती जाते आहे ते बघून चालावं लागतं.

तुमच्या पत्रात एक व्यक्ती जवळजवळ नाहीच, ते मला सर्वांत जास्त खुपलं. आजी. आजोबा खाणीवर गेले तेव्हा घरात एक बाई, लहान मुलं, आणि पावसावरची जमीन. तीस वर्षं ती जमीन कुणी केली? कपाशी कुणी वेचली, भुईमूग कुणी उपटला, बैलाला पाणी कुणी दाखवलं? १९७२ च्या दुष्काळात त्या घराने काय खाल्लं, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या का? आणि ती कुपनं लुगड्याचा काठ फाडून कुणी बांधली? पैसे खर्च होऊन गेल्यावर कुपनाला काही किंमत नसते. जिला बहुधा वाचताही येत नव्हतं, त्या बाईने ते कागद जपले. तुम्ही खाणकामगाराच्या घराण्याचा इतिहास लिहायला निघाला आहात, तर त्याचा निम्मा भाग बोरीकाठी घडलेला आहे आणि त्याची साक्षीदार तुमची आत्या अजून हयात असेल तर वेळ घालवू नका. आखाजीला ती माहेरी येईल तेव्हा झोक्याखाली बसून जे बोलेल, ते कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. आबा वर्षातून एकदा यायचे ते कधी, पेटीत काय आणायचे, आल्यावर पोरं त्यांना ओळखायची का, आणि 'रेल्वे' हा शब्द पहिल्यांदा तिने कुणाच्या तोंडून ऐकला, एवढंच विचारा. 'दुसरी बाई होती का' हे विचारू नका. आत्याला सांगायचं असेल तर ती न विचारता सांगेल.

आता कागदांचं काम. हे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल.

कुपनं आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, कागद आतून खराब होतो आणि परत सोडवता येत नाही. मग ती तारखेनुसार लावा आणि वहीत तीन रकाने करा: तारीख, रक्कम, निरोप. बघता बघता घराचा जमाखर्च उभा राहील. १९७३ पर्यंत तिथल्या खाणी खासगी कंपन्यांच्या होत्या आणि भरणीवाल्या कामगाराची कमाई किती टब भरले यावर ठरे. त्या वर्षी ३० जानेवारीला सरकारने कोकिंग नसलेल्या (पोलादाच्या भट्टीसाठी न वापरल्या जाणाऱ्या) कोळशाच्या खाणींचा ताबा घेतला आणि १ मे पासून राष्ट्रीयीकरण झालं. पेंच-कान्हनच्या खाणी पुढे नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. १९७५ मध्ये पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू झाला. तुमच्या रकान्यात या वर्षांच्या पुढे आकडा वाढलेला दिसतो का बघा. वाढला असेल, तर त्याच सुमारास घरात काय झालं ते आत्याला विचारा: विहीर बांधली, कुणाचं लग्न झालं, पत्रे घातले? मधे काही महिने कुपनंच नसतील, तर तेही लिहून ठेवा. संप, आजारपण, अपघात किंवा फक्त हरवलेला कागद, काहीही असू शकतं.

भविष्य निर्वाह निधीचा कागद सर्वांत मोलाचा, कारण त्यावर खातं क्रमांक असेल. कोळसा कामगारांचा हा निधी १९४८ च्या कायद्याने सुरू झाला आणि त्याचं मुख्य कार्यालय धनबादला आहे. त्या क्रमांकावरून कोणत्या खाणीत, कधीपासून नोंद झाली याचा माग लागू शकतो. दुसरी नोंद म्हणजे खाणीचं फॉर्म 'बी' रजिस्टर. खाणीत लागलेल्या प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, वय, कायमचा पत्ता, कामाला लागल्याची तारीख आणि अंगठ्याचा ठसा त्यात असतो. ते सापडलं तर आजोबांचा अंगठा तुम्हाला बघायला मिळेल. वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी असल्याने माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो. खासगी माहिती म्हणून नाकारतील, तेव्हा मृत्यूचा दाखला आणि तुम्ही नात असल्याचा पुरावा आधीच जोडा.

शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नाव हिंदी भाषक कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असणार. आडनाव गायब, वडिलांचं नाव पुढे, गावाचं नाव भलतंच, हे सगळं धरून चला. आणि पत्त्यात 'जळगाव जिल्हा' शोधत बसू नका. खानदेशाचे १९०६ साली दोन भाग झाले आणि तुमचा भाग १९६० पर्यंत 'पूर्व खानदेश' होता. वय तर अंदाजानेच टाकलेलं असतं, त्यावरून वाद घालू नका.

घराजवळही बरंच मिळेल. तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. मनीऑर्डरीच्या पैशांतून जमीन घेतली असेल तर १९५० नंतर नवे फेरफार दिसतील. तुम्ही नाशिकलाच राहता, तर रामकुंडावर तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. १९८४ साली आजोबांच्या अस्थी तिथे आणल्या असतील तर त्यांच्या नामावळीत ती नोंद असेल, आणि अशा वह्यांमध्ये कधी कधी चार पिढ्यांची नावं एका पानावर सापडतात.

परासियाला जरूर जा, पण सगळ्यांत शेवटी, आणि आजोबांचं गाव म्हणून जा. त्या बाईंचा माग काढायला म्हणून नको. तिथल्या बऱ्याच भूमिगत खाणी आता बंद झाल्या आहेत, पण निवृत्त कामगार चौकात भेटतात. बिल्ल्याचा फोटो दाखवा, ते बोलू लागतील. त्या बाई हयात असतील आणि त्यांचा पत्ता लागला, तर दारात जाऊन उभ्या राहू नका. आधी हिंदीत एक साधं पत्र लिहा: मी अमक्यांची नात, तुमचं त्यांना आलेलं पत्र आमच्या घरात जपून ठेवलेलं आहे. त्या पलीकडे काही विचारू नका. त्यांच्याही घरात तुमच्या आजोबांविषयी एखादी गोष्ट सांगितली जात असेल आणि ती कशी सांगायची हे त्यांनी ठरवलेलं असेल. उत्तर आलं तर पुढे जा. नाही आलं तर तेही उत्तर समजा.

मुलाच्या वहीबद्दल शेवटी. त्याला हे सगळं आत्ता सांगायला हवं असं नाही, पण 'रेल्वे' तसंच ठेवू नका. बिल्ला त्याच्या हातावर ठेवा, बत्तीघराची फळी आणि खिळे समजावून सांगा. मग पणजोबांच्या नावापुढचा शब्द त्याला स्वतःला खोडू द्या आणि लिहू द्या: कोळशाच्या खाणीत कामगार, परासिया. शेजारी पणजीच्या नावापुढची जागा रिकामी असेल. तिथे काय लिहायचं, ते आखाजीला आत्याला विचारून या.